विद्येची दवंडी आणि तिचा खर्च

विद्यावंताने आपली विद्या स्वतःच्या तोंडाने सांगावी काय, हा प्रश्न आपल्या समाजात जुना आहे आणि त्याचे उत्तर बहुधा नकारार्थीच मिळत आले आहे. आत्मस्तुती हा दोष होय, उथळ पाण्याला खळखळाट फार, हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशा वचनांवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. ज्याच्याजवळ काही आहे त्याच्याकडे लोक आपण होऊन येतील, ही त्यामागील श्रद्धा. आमच्या बडोद्याच्या वाचकांना मात्र शेजारच्या गुजरातीतील ‘बोले तेनां बोर वेचाय’ ही म्हण तितकीच परिचित असेल. जो बोलतो त्याची बोरे विकली जातात, असा तिचा अर्थ. मौनाची थोरवी आणि बोलण्याची गरज ही दोन्ही सत्ये व्यवहारात शेजारी शेजारी नांदत आली आहेत. त्यांचा मेळ कसा घालावा हे मात्र आपण क्वचितच विचारले.

आज तो प्रश्न विचारणे प्राप्त झाले आहे. निवृत्तीनंतर स्वतंत्रपणे काम करू पाहणारा स्थापत्य अभियंता, घरच्या घरी कार्यालय थाटून लहान दुकानदारांना कराविषयी सल्ला देणारी एखादी भगिनी, माडापोफळींच्या रोगांचा अभ्यास केलेला कृषितज्ज्ञ, जुन्या वास्तूंच्या डागडुजीतला जाणकार, असा स्वतंत्र सल्लागारांचा एक वर्ग आपल्या गावोगावी उभा राहिला आहे. पाठीशी मोठी पेढी नाही, वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देण्याइतका पैसा नाही. ज्ञान आहे, पण ते आहे हे कोणास ठाऊक नाही. मग हा मनुष्य कमी खर्चाचे मार्ग शोधू लागतो, आणि त्याच क्षणी नीतीचा प्रश्न उभा राहतो. आमच्या मते तो असा आहे: प्रसिद्धीचा एखादा मार्ग स्वस्त आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा खर्च खरोखरच कमी असतो, की तो दुसऱ्या कोणाच्या पदरी पडलेला असतो?

प्रथम निषेधाची बाजू पाहू. विद्येच्या धंद्यात जाहिरात नको, हा विचार आपल्या देशात केवळ शिष्टाचार म्हणून राहिला नाही, त्याला कायद्याचे रूप मिळाले. सनदी लेखापालांसंबंधीच्या १९४९ च्या अधिनियमाने परिपत्रके वा जाहिराती यांच्या द्वारे पक्षकार मिळवणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. अधिवक्ता अधिनियम १९६१ चा. त्याखाली भारतीय वकील परिषदेने केलेल्या नियमांपैकी छत्तिसावा नियम वकिलाला जाहिरात करण्यास, दलालांकरवी किंवा अन्य आडमार्गाने काम मिळवण्यास मनाई करतो, एवढेच नव्हे तर त्याची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची असावी असे सांगतो. कारण उघड आहे. बाजारातील आंबा गिऱ्हाईक हातात घेऊन पाहू शकते, वास घेऊ शकते. सल्ला तसा पारखता येत नाही. ज्याला तो पारखता येईल त्याला तो विकत घेण्याची गरजच नसते. अशा व्यवहारात मोठ्या आवाजाला मोकळीक दिली, तर अडलेला मनुष्य गुणाकडे न जाता आवाजाकडे जाईल, हे भय खोटे नाही.

परंतु याच नियमांकडे बारकाईने पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारासंबंधीचे २००२ चे विनियम डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करू देत नाहीत. पण आपण व्यवसाय सुरू केला, पत्ता बदलला, काही काळ गैरहजर राहणार आहोत, परत कामावर आलो, आपली फी अमुक आहे, अशा गोष्टी वृत्तपत्रातून जाहीर करण्यास ते अनुमती देतात. वकिलांच्या नियमातही २००८ साली सुधारणा होऊन नाव, संपर्काचा पत्ता, नोंदणी, शिक्षण व कामाचे क्षेत्र एवढी माहिती संकेतस्थळावर देण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत १९७७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयासमोर ॲरिझोनातील दोन वकिलांचे प्रकरण आले होते. त्यांनी साध्या कामांचे आपले दर वृत्तपत्रात छापले होते. न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने त्यांच्या बाजूने कौल दिला. लोकांपासून माहिती दडवून ठेवल्याने लोकांचे हित साधत नाही. खर्च किती येईल या धास्तीनेच पुष्कळ माणसे वकिलाच्या दारापर्यंत जात नाहीत, असा त्या विचाराचा आशय होता. चार न्यायमूर्तींना तो पटला नाही, हेही विसरता कामा नये. प्रश्न खरोखरच दुबाजू आहे. तरीपण दोन्ही देशांतील अनुभवावरून एक भेद हाती लागतो. माहिती देणे वेगळे आणि भुरळ घालणे वेगळे. पहिल्याने ऐकणाऱ्याची समज वाढते, दुसऱ्याने ती झाकोळते.

आता मौनाची बाजू तपासू. कारण मौनही सर्वस्वी निर्दोष नसते. जाणता गप्प बसला म्हणून लोकांची गरज थांबत नाही. भिंतीला भेग पडली की घरधनी कोणाला तरी विचारणारच. जाणकार ठाऊक नसेल तर तो सिमेंट विकणाऱ्याला विचारील आणि सिमेंट विकणारा सिमेंटच सांगेल. चिऱ्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल आतच कोंडते, चुन्याचा गिलावा तिला बाहेर पडू देतो, हे ज्याला ठाऊक आहे तो विनयाने घरी बसला, तर त्या विनयाची किंमत ती भिंत देते.

आणखी एक गोष्ट आम्ही आमच्या वाचकांपुढे थोड्या स्पष्टपणे मांडू इच्छितो. मौन सर्वांना सारखे परवडत नाही. ज्याचे घराणे चार पिढ्यांपासून नावाजलेले आहे, ज्याचे वाडवडील देवस्थानचे महाजन होते, ज्याचे आडनाव ऐकताच लोक खुर्ची पुढे करतात, त्याने स्वतःविषयी बोलू नये हे ठीकच. त्याच्यासाठी त्याचे कुळ बोलत असते. पण ज्याच्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी आहे, जो परगावाहून येऊन इंदूर किंवा बेळगाव येथे स्थायिक झाला आहे, किंवा जी स्त्री आहे म्हणून अभियांत्रिकीतील तिचे मत कोणी विचारीतच नाही, तिने वा त्याने गप्प राहावे असे म्हणणे म्हणजे विनयाच्या नावाखाली जुन्याच नावांचा मक्ता चालू ठेवणे होय. विनय हा सद्गुण खरा. पण इतरांनी विनय पाळावा असा आग्रह धरणे हा सद्गुण असतोच असे नाही.

तेव्हा बोलले पाहिजे. कसे बोलावे, याचा एक सुंदर दाखला आपल्या जुन्या वाङ्मयातच आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण याचा वाद राजापुढे येतो. निवाडा करण्याचे काम परिव्राजिकेकडे सोपवले जाते, आणि कसोटी ठरते ती आचार्यांच्या शिष्यांच्या प्रयोगाची. दोघांनी आपापल्या थोरवीची भाषणे करावीत असे कोणी सुचवीत नाही. राजाच्या मनात त्या वेळी दुसराच हेतू होता, हे नाटकाचे वाचक जाणतातच. परंतु कसोटीची योग्यता त्यामुळे कमी होत नाही. विद्या दुसऱ्यात उतरलेली दिसली म्हणजे ती सिद्ध झाली. पेशवाईत पुण्यास श्रावणमासाच्या दक्षिणेच्या निमित्ताने विद्वान जमत आणि त्यांची परीक्षा होई, त्यातही हेच तत्त्व होते. आपण विद्वान आहोत असे सांगण्याची तेथे मनाई नव्हती. सांगितलेले चारचौघांत सिद्ध करण्याची तयारी मात्र असावी लागे.

अलीकडच्या काळातील उदाहरण घ्यावयाचे तर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे घ्यावे. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यास झाले आणि १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांच्या योजनेची स्वयंचलित दारे बसली. पुढे तशीच दारे ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्यास आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसवण्यात आली. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार उडवला. विश्वेश्वरय्या त्या सुमारास मुंबईची नोकरी सोडून परदेशच्या प्रवासात होते. निजाम सरकारचे बोलावणे त्यांना तेथे पोहोचले आणि १९०९ साली सल्लागार अभियंता म्हणून ते हैदराबादेत आले. पुराचे पाणी शहराच्या वरच्या अंगालाच अडवावे, या त्यांच्या योजनेतून उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. बोलावणे धाडणाऱ्यांपुढे या मनुष्याच्या कामांची साक्ष होती. कोणत्याही जाहिरातीपेक्षा ती मोठी होती.

येथे कोणी म्हणेल की विश्वेश्वरय्यांचे ठीक आहे. सरकारी खात्याची धरणे त्यांच्या नावाची ग्वाही द्यायला उभी होती. लहान गावातील सल्लागाराने कोणते धरण दाखवावे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या मते असे की ज्याच्याजवळ मोठे काम दाखवायला नाही, त्याने आपल्या ज्ञानाचा एक छोटा पण खरा भाग लोकांना देऊन टाकावा. कमी खर्चाच्या प्रसिद्धीचा हाच सर्वांत प्रामाणिक मार्ग होय. कारण त्याचा खर्च देणारा स्वतःच्या श्रमाने भरतो.

स्थापत्य अभियंत्याने पावसाळ्यापूर्वी जुन्या घराची पाहणी कशी करावी यावर दोन पानांचे टिपण लिहावे. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी, महिन्यादोन महिन्यांनी पुन्हा पाहावे; भेग खुणेपलीकडे गेली असेल तर भिंत अजून हलते आहे असे समजावे, एवढे जरी त्यात असले तरी शंभर घरांचे काम होईल. कृषितज्ज्ञाने पोफळीच्या कोळेरोगावरील बोर्डो मिश्रणाची रीत सांगावी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, मोरचूद आणि चुना वेगवेगळे कालवून मग एकत्र करावेत, धातूचे भांडे वापरू नये, आणि पहिली फवारणी पावसाळा सुरू होण्यापूर्वी करावी. असे लेख स्थानिक मासिकांना हवेच असतात. व्याख्यानांची परंपरा तर आपल्याकडे जुनीच आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली, आणि आज जेथे जेथे मराठी माणसे स्थिरावली आहेत तेथे लहानमोठ्या व्याख्यानमाला चालतात. तेथे एक तास बोलावे आणि त्यानंतरचा अर्धा तास प्रश्नांना द्यावा. कारण जाणत्याची खरी पारख भाषणापेक्षा उत्तरांतच होते. एखाद्या होतकरू मुलाला हाताशी धरून शिकवावे. ज्यांचे काम केले त्यांना विचारून, त्यांची अनुमती असेल तर, त्यांचे नाव सांगावे. आणि जे काम आपल्या आवाक्यातले नाही ते दुसऱ्या जाणकाराकडे पाठवावे, त्यात संकोच मानू नये. ‘हे मला येत नाही’ असे जो एकदा म्हणतो, त्याच्या ‘हे मला येते’ यावर लोकांचा विश्वास बसतो. या सर्वांना पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो वेळ, आणि थोडे धैर्य.

ज्ञान असे वाटून टाकले तर मोबदला कोण देईल, ही धास्ती पुष्कळांना वाटते. ती निराधार आहे. सामान्य नियम सांगितल्याने विशेष काम संपत नाही. मिश्रणाचे प्रमाण सर्वांना कळले, तरी या बागेतील रोग तोच आहे की मुळांचा दुसराच काही विकार आहे, हे बागेत जाऊन पाहावेच लागते. भेग वाढते आहे हे घरधन्याला कळले, तरी पाया खचला की वासा कुजला हे त्याला कळत नाही. पाककृती छापली म्हणून आचाऱ्याचे पोट बुडत नाही. उलट, ज्याला थोडे कळले आहे त्यालाच आपल्याला किती कळत नाही याची जाणीव होते आणि तो जाणत्याकडे जातो.

आता दुसऱ्या प्रकारचे स्वस्त मार्ग पाहू. त्यांचा खर्च मोठा असतो, फक्त तो दुसऱ्याच्या नावावर पडतो. पक्षकाराची अडचण गाजवून आपले कौशल्य मिरवणे हा त्यातला पहिला. नाव सांगितले नाही तरी लहान गावात सारे ओळखतात; तेथे खर्च पक्षकाराच्या अब्रूचा होतो. काम आणून देणाऱ्याला गुपचूप दलाली देणे हा दुसरा. तो खर्च अखेर गिऱ्हाइकाच्या बिलात मिसळतो आणि आपल्या मित्राने आपल्याला सल्ला दिला की आपल्याला विकले हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. भय दाखवणे हा तिसरा. ‘आजच काही केले नाही तर छप्पर कोसळेल’ असे खात्री नसताना म्हणणाऱ्याचा खर्च त्या घरातील माणसे आपल्या झोपेने भरतात. फुकट सल्ल्याचे आमिष हा चौथा. अर्धेच सांगायचे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी अडवून धरायचे.

पाचवा मार्ग आमच्या वाचकांना विशेष जवळचा, म्हणून त्याविषयी वेगळे लिहितो. देवळाची पत उसनी घेणे हा तो होय. उत्सवाच्या स्मरणिकेत उघडपणे पैसे भरून जाहिरात दिली तर त्यात काही गैर नाही. ती जाहिरात आहे हे सर्वांना दिसते आणि पैसा देवस्थानच्या कामी येतो. अग्रशाळेत किंवा सभामंडपात, व्यवस्थापनाच्या अनुमतीने, सर्वांना उपयोगी असे व्याख्यान दिले तर ती सेवाच होय. परंतु महाप्रसादाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला बोलण्यात गुंतवून त्याची गुंतवणूक काढून घेणे, समितीवरील पदाचा उल्लेख आपल्या पाटीवर करणे, ‘देवळाचे काम मीच केले’ असे सांगून त्या कामाचा दर्जा देवाच्या नावाने सिद्ध करणे, हे सर्व एका जातीचे आहे. वकिलांच्या त्याच छत्तिसाव्या नियमाने आपण पूर्वी न्यायाधीश वा वकील परिषदेचे सदस्य होतो असे पाटीवर लिहिण्यास मनाई केली आहे, ती याच विचाराने. देवळात माणूस पादत्राणांबरोबर आपला सावधपणाही बाहेर ठेवून आत जातो. त्या निःशंकपणाचा कोणी धंद्यासाठी उपयोग केला, तर त्याची किंमत एका गिऱ्हाइकावर थांबत नाही. पुढच्या वेळी सारेच एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. पिढ्यान् पिढ्या साठवलेला विश्वास एका माणसाच्या स्वस्त प्रसिद्धीसाठी खर्ची पडतो, आणि तो परत भरून काढण्याची कोणतीही वर्गणी अस्तित्वात नाही.

सल्लागारांना इतके सांगितल्यावर सल्ला घेणाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे न्यायाचे होईल. ‘तो आपलाच आहे, त्याला काय द्यायचे?’ असे म्हणून आपल्या जाणकारांकडून तासन् तास फुकट काम करून घेण्याची सवय आपल्यात आहे. देवस्थानचे नकाशे कोणी काढायचे, हिशेब कोणी तपासायचे, तर आपल्यातल्याच कोणी, आणि तेही सेवा म्हणून. सेवा ही देणाऱ्याने ठरवायची असते. घेणाऱ्याने ती लादली की तिला वेठ म्हणतात. ज्या माणसाला रास्त मोबदला रास्त मार्गाने मिळत नाही, तोच पुढे दलालीच्या आणि आमिषाच्या मार्गाला लागतो, हेही आपण ध्यानात घ्यावे. आणि ज्याच्या सल्ल्याने आपले भले झाले, त्याविषयी चार ठिकाणी खरे बोलावे. गुण असेल तेथे गुण सांगावा, उणीव असेल तर तीही सांगावी. प्रसिद्धीचा हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग सल्लागाराच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. आणि आपण तो कंजूषपणे वापरतो म्हणूनच त्याला दवंडी पिटावी लागते.

तात्पर्य, विद्येची दवंडी पिटणे हे पाप नाही आणि गप्प बसणे हे पुण्य नाही. प्रसिद्धीच्या प्रत्येक मार्गापुढे उभे राहून सल्लागाराने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा: ज्याने माझे ऐकले, पण मला काम दिले नाही, तो रिकाम्या हाताने परत गेला काय? तो चार गोष्टी शिकून गेला असेल, तर खर्च आपण केला आणि तो सत्कारणी लागला. तो घाबरून, भुलून किंवा कोणाची गुपिते ऐकून गेला असेल, तर आपण एक पैसाही खर्च केलेला नसला तरी कोणीतरी फार मोठी किंमत मोजली आहे, एवढे निश्चित समजावे.